टेकून बसणारा बुवा

बुवा माणसाकडे तोंड करून कधी बसला नाही. तो यायचा, आपल्याकडे पाठ करायचा आणि अंगाचा सगळा भार आपल्या नडगीवर टाकून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. अंगानं दांडगा, बदामी रंगाचा, कुरळ्या केसांचा, दाढीवाला. कागदोपत्री त्याचं नाव टेडी. सासूबाई मिरजेहून पहिल्यांदा आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अगबाई, हा तर बुवा!" टेडी त्या दिवशी संपला.

टेकायला त्याला वाटेल तो माणूस चालत नसे. आमच्या घरात भांडण म्हणजे आवाज नाही, अबोला. ही सासरची परंपरा. सासरे म्हणे रागावले की आठ-आठ दिवस पंचांग वाचत बसायचे. नवऱ्यानं ती रीत मेलबर्नला सोबत आणली, आणि आमच्या मुलीनं, ईरानं, इथे जन्मूनही ती उचलली. मी बोलून मोकळी होणारी, पण संसारात माणूस काय काय शिकतो! तर ज्यानं तोंड मिटलंय, त्याच्या पायाशी बुवा जाऊन बसायचा. हलायचा नाही. थोड्या वेळानं पायाला मुंग्या यायच्या. मग "अरे, सरक की जरा" म्हणावंच लागे, आणि एकदा उघडलेलं तोंड पुन्हा मिटणं अवघड जाई. एकदा माझं आणि ह्याचं एकाच वेळी बिनसलं. विषय होता भारतात घर घ्यायचं की नाही. बुवा आधी त्याला टेकला, मग उठून मला, मग परत त्याला. फेऱ्या घालून दमला आणि खोलीच्या मधोमध आडवा झाला. आधी ईरा हसली, मग आम्ही. घर अजून घेतलेलं नाही.

या गुणासाठी मात्र आम्ही त्याला आणलं नव्हतं. आणलं न झडणाऱ्या केसांसाठी. कुत्र्याजवळ गेलं की नवऱ्याला शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे, आणि ईराला कुत्राच हवा होता. यावरची तोड आमच्याच गावात निघालेली होती. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या रॉयल गाइड डॉग्ज या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. हवाईहून एका अंध बाईंनी त्यांच्याकडे कुत्रा मागितला. बाईंच्या नवऱ्याला ॲलर्जी. कॉनरननी आधी पूडल शिकवून पाहिले. एक ना दोन, 33. एकही कामाला उतरला नाही. तेव्हा 1989 मध्ये त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर एकाच पिल्लाचं त्या नवऱ्याला बाधलं नाही. ते पिल्लू, सुलतान, हवाईला गेलं. लॅब्रॅडूडलचा डंका वाजला तो तिथून.

ईरानं ही गोष्ट कुठेतरी वाचली आणि जेवताना सांगितली. "बघ, तिथेही बाबांनाच ॲलर्जी होती," असं म्हणाली. नवरा विरघळला. तीनातलं एकच पिल्लू उतरलं होतं, याकडे त्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही.

बुवाचे केस खरंच झडत नसत. सोफ्यावर नाही, काळ्या पँटवर नाही. ते अंगावरच राहायचे आणि गुंतायचे. चार दिवस विंचरलं नाही की कानामागे, काखेत गाठी. "जटा आल्या बुवाला," सासूबाई लांबूनच म्हणायच्या. लांबूनच, कारण त्या त्याला शिवत नसत. देवघराच्या खोलीत त्याला मज्जाव होता.

नवऱ्याच्या शिंका मात्र थांबल्या नाहीत. कमी झाल्या का, ते मला सांगता येणार नाही, कारण त्यानं त्या दडवल्या. शिंक येतेय असं वाटलं की हा बाथरूममध्ये जायचा आणि नळ सोडून शिंकायचा. पाण्याचं बिल वाढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाला, "धूळ आहे गं." कुत्रा नको म्हणून सगळ्यांत जास्त अडून बसलेला माणूस, आता तो परत जाऊ नये म्हणून नळ सोडत होता. मीही कानाडोळा केला.

21 नोव्हेंबर 2016, सोमवार. दिवसभर पस्तीस डिग्रीचा उकाडा, आणि संध्याकाळी एकदम वारा फिरून वादळ आलं. नवरा बुवाला घेऊन मैदानावर होता. परतला तेव्हा छातीतून शिट्टी वाजत होती. सवयीनं तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला. शिंक ऐकू आली नाही. खोकला ऐकू आला, मग तोही थांबला. मी दार ढकललं तर हा बेसिनला धरून उभा, ओठ निळसर. सासूबाई मागे होत्याच. "हे त्या केसाळाचं काम. आजच्या आज घालवा त्याला." ईरा रडायला लागली. नवऱ्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता हातानं 'नाही, नाही' करत राहिला. मी बुवाला गॅरेजमध्ये कोंडलं आणि 000 ला फोन लावला. त्या रात्री सगळं शहरच फोन करत होतं. शेवटी शेजारच्या श्रीलंकन काकांनी गाडी काढली.

इमर्जन्सीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांवर, जमिनीवर, भिंतीच्या आधारानं माणसं श्वास ओढत होती, आणि त्यांत आपल्याकडचे चेहरे कितीतरी. यांतल्या प्रत्येकाच्या घरी काही कुत्रा नसणार, हे मला तिथे उभ्या-उभ्याच उमगलं. कारण नंतर बातम्यांतून कळलं. शहराबाहेरच्या कुरणांतल्या रायगवताचे परागकण वादळानं उचलून आणले, दमट हवेत ते फुटले, आणि एरवी नाकातच अडकणारी ही भुकटी थेट फुप्फुसांत उतरली. आयुष्यात कधी दमा न झालेली, वसंतात नुसती शिंकणारी माणसंही त्यात सापडली. दहा जण दगावले.

पहाटे आम्ही घरी आलो. गॅरेजचं दार उघडं होतं. पायरीवर सासूबाई शाल गुंडाळून बसलेल्या आणि बुवा त्यांच्या पायांवर रेललेला. मी बघतच राहिले, तशी म्हणाल्या, "आत रडत होता. पोरीला झोप लागेना, म्हणून दार उघडलं. तर हा येऊन असा बसला. उठायला जागाच ठेवली नाही मेल्यानं." त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग अंघोळ करून देवापुढे दिवा लावला. ईरानं मला नंतर सांगितलं, आम्ही गेल्यावर आजी रात्रभर एक शब्द बोलली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हातात फणी दिसली. जटा त्या सोडवत होत्या आणि बुवाला मिरजेच्या गल्लीतल्या बातम्या सांगत होत्या.

तपासण्या झाल्या. रायगवताची ॲलर्जी निघाली, आणि कुत्र्याचीही निघाली. बुवाला दुसरं घर बघायचं का, हा विषय नवऱ्यानं काढूच दिला नाही. झोपायची खोली बुवाला बंद झाली, नवऱ्याच्या खिशात पंप आला. आता इथे 2017 पासून वादळी दम्याचा सरकारी अंदाज निघतो. ऑक्टोबर ते डिसेंबर नवरा तो रोज सकाळी बघतो. शिंकतो तेही उघड्यावर.

गेल्या हिवाळ्यात बुवा म्हातारा होऊन गेला. शेवटी त्याला बसताही येत नसे, तेव्हा आम्हीच जमिनीवर बसून त्याला टेकायचो. तो गेल्यावर आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत गप्प. अखेर सासूबाईंनी मिरजेहून फोन करून एकेकाला रागावलं.

परवा पुण्याहून नणंदेच्या मुलानं विचारलं, "मामी, बुवासारखा आणला तर मला शिंका येणार नाहीत ना?" तो मामाच्या वळणावर गेलाय. 'हायपोॲलर्जेनिक' म्हणून पिल्लाची किंमत कुणीतरी भरमसाट सांगितली आहे.

बाळा, शिंका केसांनी येत नाहीत. कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी येतात, आणि केस झडोत न झडोत, लाळ आणि कातडी प्रत्येक कुत्र्याला असते. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्रॅडूडल अशा कुत्र्यांचे केस तपासले, तर त्यांतलं मुख्य प्रथिन इतरांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच भरलं. स्वभावाचीही हमी नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं पूडलच्या तीन संकरांची त्यांच्या आईबापांच्या जातींशी तुलना केली. वागणुकीत जिथे फरक दिसला, तिथे बहुतेकदा संकरच जास्त त्रासाचे ठरले. खुद्द कॉनरननी 2019 मध्ये जाहीर मुलाखतीत सांगितलं, की हे सुरू केल्याचा आपल्याला पस्तावा होतो. पैशाच्या लोभानं लोक वाटेल तसे संकर करायला लागले. आमचा बुवा टेकायचा तो बुवा होता म्हणून. त्याच्या सख्ख्या भावंडांना ती खोड होती की नाही, देव जाणे.

तेव्हा जातीचं नाव ऐकून पैसे देऊ नकोस. आधी डॉक्टरांना विचार. मग जे पिल्लू घ्यायचं, त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा तासभर जाऊन बस, आणि ते ज्यावर लोळलं तो पंचा घरी आणून बघ. सुलतानची निवड अशीच झाली होती. शिंका आल्या तर आईला मोठ्यानं सांग, लपवू नकोस. आणि हो, तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी कुत्रीनं पिल्लं घातली आहेत म्हणालास ना, ती आधी बघून ये. त्यांना पैसे पडत नाहीत, कसोटी मात्र तीच.