जन्मवजन विचारणारी बाई

माझं मत सरळ होतं. बाळ किती ग्रॅमचं जन्मलं ही दवाखान्याची बाब. सहा वर्षांनी पहिलीत आलेल्या पोराचा त्या आकड्याशी काय संबंध? खामगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख पाहिली, आधार पाहिलं, लसींचं विचारलं. वजन कधी विचारलं नाही, आणि विचारूच नये असं वाटायचं. 'अशक्त जन्मलेला' हा शिक्का एकदा बसला की घरचे, शेजारचे, मास्तर सगळे त्याच नजरेनं पाहतात. शिवाय समोरचं पोर चांगलं धडधाकट असतं. आई कौतुकानं सांगते, "काचीच्या पेटीत होतं मॅडम, आता पाहा कसं झालं!" खामगाव चांदीचं गाव, सराफ्यात इथं ग्रॅमचा हिशेब चुकत नाही. लेकराच्या ग्रॅमचा हिशेब मात्र ते अंगानं भरलं की मिटला, असं आम्ही सारेच धरून चालायचो.

तिसरीचा वर्ग घेताना हे मत डळमळायला लागलं. काही मुलं तोंडी गणितात चटपटीत, पण फळ्यावरचं उतरवताना मधली ओळच गाळणार. हातच्याची वजाबाकी मांडली की एकक-दशक एकाखाली एक येणार नाहीत. कात्री हातात नीट बसणार नाही. अशांना आमच्याकडे कंटाळखोर म्हणतात. एका आईनं मात्र मला अडवलं. "त्याले समजते सारं, पण लिवाच्या वक्ती थकते तो." कंटाळा आणि थकवा यांत फरक असतो, हे वर्गात पन्नास वह्या तपासताना सुचत नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाविषयी वाचलं. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात तिथल्या नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेली, जन्मतः दोन किलोपेक्षा कमी वजनाची मुलं त्यांनी अठराव्या वर्षापर्यंत तपासली. शेवटच्या फेरीत १६१ जण सापडले. घरं बदलणाऱ्या, पत्ते हरवणाऱ्या आपल्या देशात अठरा वर्षं मुलांचा माग ठेवायचा, याचंच मला आधी अप्रूप वाटलं.

बाराव्या वर्षीचा निकाल मात्र थेट माझ्या वर्गातला होता. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५, पूर्ण वजनाच्या मुलांचा ९७.२. कमी, पण सर्वसाधारण पातळीतलाच. खरी अडचण डोळ्यांनी पाहिलेलं हातानं उतरवण्यात होती, हालचालींच्या सफाईत होती, वाचनात आणि गणितात होती. सगळ्यांत मागे राहिली ती दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि त्यातही गर्भात वाढ खुंटलेली मुलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. मागे पडणारं प्रत्येक पोर मला कमी वजनाचं दिसायला लागलं. आमच्या मुख्याध्यापकांनाही पटलं, तेव्हा त्यांनी प्रवेशाच्या रजिस्टरात एक रकानाच वाढवू या असं सुचवलं. तिथं माझी जुनी भीती परत जागी झाली. सरासरी ही जमावाची असते. दीड किलोचं जन्मून वर्गात पहिलं येणारं पोर त्या आकड्यात दिसत नाही. रजिस्टरातली नोंद मात्र पोराच्या मागे दाखल्यासारखी फिरते. मी आईला तोंडी विचारते, कुठं लिहीत नाही. (वडिलांना विचारण्यात अर्थ नसतो. त्यांना दवाखान्याचं बिल आठवतं, आईला ग्रॅम आठवतात.) उत्तर मिळालं की फळ्यासमोरचा बाक, गणिताला चौकटीची वही, उतरवून घेण्याचं काम निम्मं, आणि मातीकाम, मणी ओवणं जास्त. कमी वजनाचं नसलेल्या पोराचंही यानं काही बिघडत नाही.

स्वभावाचं समजायला मला आणखी उशीर लागला. वर्गात आपलं लक्ष जातं ते खोड्या करणाऱ्यांकडे. फार लवकर, फार लहान जन्मलेल्या मुलांत दंग्यापेक्षा लक्ष न टिकणं, धास्ती आणि मागे मागे राहणं जास्त आढळतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. म्हणजे ही मुलं त्रास देत नाहीत, म्हणूनच निसटतात. त्यात घरी 'नाजूक आहे' म्हणून त्यांना खेळायला धाडत नाहीत. नाजूक बाळ जपण्याची एक वेगळी रीतही मी वाचली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात झाली. आता कांगारू काळजी म्हणून ती रीत आपल्याकडेही शिकवतात. अशी वाढवलेली मुलं वीस वर्षांनी पाहिली तर त्यांच्यात आक्रमकपणा आणि शाळेतली गैरहजेरी कमी निघाली. हे वाचेपर्यंत छातीशी धरणं म्हणजे ऊब देणं, एवढंच मला माहीत होतं.

अशी निसटणारी मुलं हेरायची सोय थोडीफार आहे. आपल्याकडे आशाताई नवजात बाळाला पाहायला बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येते, पुढं ठरावीक महिन्यांनी पंधराव्या महिन्यापर्यंत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. एरवी मात्र अंगणवाडीत वजन होतं, उंची होते. पोर किती बोलतं, याला काटा नाही.

माझं मत खऱ्या अर्थानं फिरवलं ते पुण्याच्याच कामातल्या एका गोष्टीनं. बाराव्या वर्षीच्या बुद्धीवर जन्माच्या वेळच्या अडचणींइतकाच, किंबहुना त्याहून जास्त प्रभाव घरच्या वातावरणाचा, विशेषतः आईच्या शिक्षणाचा दिसला. मी हे दोनदा वाचलं. लहान वयात लग्न, अंगात रक्त कमी, पोटात बाळ असताना कपाशीची वेचणी, म्हणून बाळ हलकं. आणि ते बाळ पुढं सावरायचं तर आई शिकलेली हवी. ही दोन्ही टोकं एकाच मुलीच्या हातात, आणि अशा कितीतरी मुली माझ्याच शाळेतून गेलेल्या. त्यांची लेकरं आता माझ्या वर्गात चौकटीची वही भरतात. जन्मवजन हा शाळेचा विषय नव्हे असं मी म्हणत होते, तेव्हा तो विषय सातवीच्या बाकावर बसलेला होता.

आता सातवीतल्या मुलीची हजेरी गळायला लागली की मी तिच्या घरी जाते. "बाई, तुमचं काय जाते, शाळा तर दूर आहे," असं ऐकून घेते. बापाशी बोलण्यात फार निष्पन्न होत नाही; आजीशी बोलावं लागतं, कारण घरात शब्द तिचा चालतो. तिला मी बुद्ध्यांक सांगत नाही. पोरगी दहावी झाली तर पणतू हुशार निघेल, एवढंच सांगते. काही जणी परत आल्या. एका आजीनं मात्र मला उलटं विचारलं, "मी कुठं शिकली होती? माझा पोरगा झाला ना मास्तर?" यावर अजून मला नीट उत्तर सापडलेलं नाही.