तांबडी गाडी

शिक्षकाने कोणते वाहन वापरावे याविषयी आपल्या समाजाची मते फार ठाम आहेत. सायकल असेल तर तो ध्येयवादी, स्कूटर असेल तर संसारी, आणि मोटार असलीच तर ती पांढरी, लहान आणि हप्त्यांची असावी. त्यातून तो चित्रकलेचा शिक्षक असेल आणि वर कादंबऱ्याही लिहीत असेल, तर त्याने पायीच हिंडावे हे बरे, निसर्ग दिसतो. अशा मनुष्याने एकोणीस वर्षांची जुनी, टर्बो लावलेली, पेट्रोल पिणारी तांबडी स्कोडा ऑक्टेव्हिया आर. एस. विकत घेतली हे कळल्यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. शेवटी गणिताच्या सरांनी विचारले, "लिटरला किती देते?"

"जपून चालवली तर अकरा, मनासारखी चालवली तर आठ."

त्यांनी डोळे मिटून काहीतरी हिशेब केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे कोणी गेले म्हणजे असाच ठेवतात.

इच्छा जुनी होती. २००४ साली ही गाडी भारतात आली तेव्हा मी मॅट्रिकनंतर कलाशिक्षकाची पदविका तेवढी पदरात पाडून एका खाजगी शाळेत लागलो होतो, आणि जालना रस्त्यावरून लुनावर जात-येत होतो. त्या रस्त्यावर एके दिवशी ती मला ओलांडून गेली. दिसायला अगदी घरगुती: चार दारे, मागे ५२८ लिटरची डिकी, म्हणजे लग्नाचे आहेरसुद्धा मावावेत. पण आर. एस. म्हणजे रॅली स्पोर्ट. बॉनेटखाली १७८१ सी. सी.चे, वीस झडपांचे यंत्र आणि दीडशे अश्वशक्ती. ही शक्ती येते टर्बोतून. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर एक चिमुकले चक्र फिरते, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती. मागच्या बाकावरची मुले सांभाळणाऱ्या माणसाला ती आवडली तर नवल नाही.

दुसरे एक कारण मला पुढे वाचनात सापडले. या कंपनीचे मूळ एका पुस्तकविक्याच्या रागात आहे. बोहेमियातल्या म्लादा बोलेस्लाव गावी व्हाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्या होता. त्याची सायकल बिघडली. त्याने विकणाऱ्या कंपनीला चेक भाषेत पत्र लिहिले, तर उत्तर आले की कळेल अशा भाषेत, म्हणजे जर्मनमध्ये, लिहा. क्लेमेंट जर्मन शिकत बसला नाही. व्हाक्लाव लॉरिन नावाच्या यंत्रकारागिराला हाताशी धरून १८९५ साली त्याने स्वतःच सायकली बनवायला घेतल्या. पुढे मोटारसायकली, १९०५ मध्ये मोटार, १९२५ मध्ये स्कोडात विलीनीकरण. मातृभाषेत तक्रार करण्याच्या हट्टातून जन्मलेली दुसरी मोटार माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि ती परदेशी मोटार जोडली जात होती कुठे, तर आमच्याच गावाबाहेर. तेव्हाचे औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. तिथून जालन्याकडे निघालात की आधी चिकलठाणे लागते आणि पुढे शेंद्रे. शेंद्र्याला २००१ सालापासून परदेशातून आलेले सुटे भाग जोडून ऑक्टेव्हिया बाहेर पडू लागल्या. अलीकडे चिकलठाण्याला एस. टी.चा मध्यवर्ती कारखाना आहे. तिथे बसगाड्या बांधतात आणि दुरुस्त करतात. माझ्या वडिलांची, अण्णांची, सारी हयात त्या कारखान्यात गेली. हेल्पर म्हणून लागले आणि २००५ साली फिटर म्हणून निवृत्त झाले. पत्रे ठोकण्याच्या आणि रिव्हेट मारण्याच्या आवाजात दोन्ही कान गमावून बसले, ही त्या नोकरीची वेगळी ग्रॅच्युइटी.

गाडी मिळाली २०२४ च्या उन्हाळ्यात, जालन्याला, एका बियाणांच्या व्यापाऱ्याच्या गोदामात. मुलाने हौसेने घेतलेली. मुलगा परमुलखी गेला आणि गाडी तीन वर्षे सरकीच्या पोत्यांशेजारी उभी होती. चाके बसली होती. हवेच्या गाळणीत उंदरांनी सुतळीचे घरटे करून प्रपंच थाटला होता. गोदामाच्या फुटक्या पत्र्यातून टपावर ऊन पडून तांबडा रंग तेवढ्यापुरता विटून गुलाबी झाला होता. व्यापारी प्रामाणिक होते. म्हणाले, "सर, ही मला झेपत नाही. नुसता पाय ठेवला की पळते." एक लाख सत्तर हजारांत सौदा झाला. हे पैसे घरावर एक खोली बांधण्यासाठी साठवलेले होते. त्या खोलीत बसून मी लिहिणार होतो. सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला: "अहो, खोली गेली ती गेली, पण तीत अण्णांना चढता-उतरता येईल ना?" मी येईल म्हणालो. मग त्यांनी आपल्या भिशीचे तीस हजार काढून दिले आणि कादंबरी स्वयंपाकघरातच लिहायची अट घातली. ही तिथेच लिहीत आहे.

अण्णांविषयी सांगायला हवे. २०२२ साली आई गेली. त्यानंतर अण्णांनी हत्यारांच्या पेटीला हात लावला नव्हता. पूर्वी आळीतल्या बायका कुकरची शिट्टी, मिक्सरचे भांडे, शिलाई-मशीनची बॉबिन घेऊन त्यांच्याकडे येत. आता ते "नवी घ्या" म्हणून परत पाठवीत. हे "नवी घ्या" त्यांच्या तोंडून ऐकताना मला भीती वाटे. आमच्या दोघांत बोलणे असे नव्हतेच कधी. त्यांनी माझी एकही कादंबरी वाचलेली नाही, आणि मी त्यांच्या कारखान्यात आयुष्यात दोनदा गेलो. तेव्हा कोणाचे कोणाला देणे नाही.

उचलगाडीवरून तांबडी दारात उतरली तेव्हा ते ओट्यावर आले. पाहिले. "एस. टी.चा रंग हाये," एवढे म्हणून आत गेले.

पहिला महिना मुकुंदवाडीच्या एका गॅरेजमधल्या पोराच्या हाताखाली गेला. पोरगा हुशार. टाकीतले नासके पेट्रोल काढले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, कडक होऊन चिरलेले रबरी पाइप नवे घातले. वीस वर्षांत रबर कोणाचेच टिकत नाही. गाडी सुरू झाली, पण उभी असताना थरथरत होती, जणू थंडीताप भरला आहे. पोराने संगणकाची वायर जोडली. संगणक म्हणाला, तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी वाया जाते आहे. तीनची कॉइल बदलली. थरथर तशीच. प्लग बदलला. तशीच. असे करत पाच हजार रुपये गेले.

एका रविवारी गाडी दारात थरथरत उभी असताना अण्णा बाहेर आले. त्यांनी कानातले ऐकण्याचे यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले. हत्यारांच्या पेटीतून हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचे टोक इंजिनावर पेट्रोल फवारणाऱ्या पहिल्या इंजेक्टरवर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर जरा जास्त वेळ. चौथ्यावर. पुन्हा तिसऱ्यावर.

"तीन नंबरचं नोझल मुकं हाये," ते म्हणाले. "बाकीचे बोलायलेत."

त्यांचे नोझल डिझेलचे, लेलँडच्या बसचे. हे पेट्रोलचे, विजेवर उघडझाप करणारे. पण उघडझाप करणारी वस्तू टकटक करतेच, आणि हाड ती ऐकते. कानाच्या पडद्याला वळसा घालून आवाज थेट आत जातो, हे मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात चित्रासाठी वाचले होते, पाहिले तेव्हाच. पोराने तिसरा इंजेक्टर काढला. तीन वर्षांच्या पेट्रोलचा राळेसारखा थर आत बसून तो अडकला होता. विजेची तार शाबूत, म्हणून संगणकाला त्यात दोष दिसत नव्हता. साफ करून बसवला आणि थरथर गेली. पोराने अण्णांच्या पाया पडून मला म्हटले, "सर, बाबांना रोज पाठवत जा."

तेव्हापासून अण्णा रोज जाऊ लागले. रिक्षाचे पैसे मी देई. जेवणाचा डबा सौभाग्यवती देत. टायमिंग बेल्टच्या वेळी तर त्यांनी पोराला फारच छळले. हा दात्यांचा रबरी पट्टा खालचा क्रँक आणि वरच्या झडपा यांची वेळ जुळवून ठेवतो. तो तुटला तर या इंजिनात झडपा पिस्टनवर आदळून वाकतात आणि खेळ संपतो. त्याचे वय झालेच होते. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, म्हणून तोही सोबत बदलायचा. बसवून झाल्यावर पोरगा किल्ली फिरवायला निघाला तर अण्णांनी त्याचा हात धरला. "आधी हातानं. दोन फेरे." क्रँकवर पाना लावून दोन पूर्ण फेरे हाताने फिरवले, खुणा जुळल्या, तेव्हा कुठे किल्ली. यंत्रावर भरवसा ठेवण्याआधी त्याला हाताने विचारून घ्यावे, हे त्यांचे शास्त्र. पोरगा आता प्रत्येक गाडीला दोन फेरे फिरवतो असे ऐकतो.

माझ्या वाट्याला रंग आला. तो मात्र माझा प्रांत. विटलेल्या तांबड्याला तांबडा जुळवणे किती अवघड, हे ज्याने कधी विद्यार्थ्याच्या चित्रातली आईची साडी दुरुस्त केली असेल त्यालाच कळेल. डब्यावरचा क्रमांक बरोबर असतो, पण तो २००५ सालच्या गाडीचा. वीस उन्हाळे पाहिलेल्या तांबड्यात थोडा पिवळा आणि कणभर पांढरा शिरलेला असतो. लांबी भरून, वॉटर पेपरने घासून, पत्र्याच्या तुकड्यांवर मी अकरा छटा काढल्या आणि त्या ओट्यावर उन्हात मांडल्या. अण्णांनी पाहून त्यातला एक उचलला. मी मनात धरलेला तोच होता. हा माणूस बसगाड्यांच्या रंगशाळेशेजारी आयुष्य काढून आला आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

२०२५ च्या सप्टेंबरात नोंदणीची मुदत संपली. वीस वर्षे उलटलेल्या मोटारीची नोंदणी चालू ठेवायची तर त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून शुल्क दहा हजार झाले होते, आणि परदेशातून आणलेली असेल तर ऐंशी हजार. पर्यावरण कर वेगळा. आर. टी. ओ.च्या कचेरीत खिडकीमागच्या तरुणाने कागदावरचे नाव वाचून विचारले, "ही इम्पोर्टेड आहे का?" या एका शब्दावर सत्तर हजार रुपये लोंबकळत होते. मी कागद पुढे करणार तोच मागून अण्णा म्हणाले, "शेंद्र्याची हाये. चिकलठाण्याच्या म्होरल्या फाट्यावरची." तरुण हसला. कागदही तेच म्हणत होता. दहा हजारांची पावती घेऊन, तपासणी उरकून, आम्ही पाच वर्षांसाठी कायदेशीर झालो.

आता सारे मिळून सव्वातीन लाख झाले आहेत. त्यात नवी, लहान, पांढरी मोटार हप्त्यांवर सहज आली असती, हे मला आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर मांडून दाखवले.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मी तिच्यातच राहतो. पण तिथवर ती ज्या रीतीने पोचते ते वर्णन करण्याचे धाडस करीत नाही, कारण हा अंक माझे मुख्याध्यापकही वाचतात. अण्णा शेजारी बसून कानातले यंत्र काढतात आणि तळहात डॅशबोर्डवर पालथा ठेवतात.

टर्बोची गाडी जोरात चालवून आणल्यावर लगेच बंद करायची नसते. ते चक्र तापलेले असते. इंजिन बंद झाले की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आतले तेल जळते. म्हणून दारात येऊनही दोन मिनिटे ती चालू ठेवून बसायचे. अण्णा घड्याळ पाहतात. या दोन मिनिटांत ते बोलतात. इतर वेळी नाही. पैठणच्या जत्रेला जादा गाड्या सोडायच्या म्हणून सलग किती रात्री काम केले. रिव्हेट मारणारा जोडीदार कसा गेला. मी मॅट्रिक झालो तेव्हा कारखान्यात वाटायला पेढे उधारीवर कसे आणले. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. परवा म्हणाले, "तुझी आई शेंद्र्याच्या गाड्या बघायची बसमधून. म्हणायची, तांबडी असली तर घ्यू." मी काही विचारणार होतो, पण दोन मिनिटे झाली होती आणि त्यांनी किल्लीकडे बोट दाखवले.

मागच्या डाव्या दाराची काच अजून खाली होत नाही. तिची यंत्रणा मिळते, पण पोरगा म्हणतो नवी घालू, आणि अण्णा म्हणतात जुनीच उघडून बघू. सध्या दाराचे अस्तर काढून ओट्यावर ठेवले आहे, आणि त्याच्या शेजारी पाटलीणकाकूंचा कुकर.