पेट्रोल जातं कुठं?

फियाट पेट्रोल खाते, हे आमच्याकडे लहान पोरंही सांगायची. सांगण्याचा सूर असा, की घरी राहायला आलेल्या जावयाचं खाणं काढावं. गाडीचं खरं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आंबिवली-मोहने पट्ट्यात ते कागदावरच राहिलं. इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, दारं लोखंडी आणि जड. बाबांनी ती नव्वदच्या दशकात कल्याणच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "आठ-नऊ देते. मला परवडते, तुमचं तुम्ही बघा."

बाबा एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉनमध्ये, इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. लाकडाच्या लगद्यापासून धागा काढायचा तो कारखाना. कार्बन डायसल्फाइडचा उग्र वास वारा फिरला की घरात यायचा आणि पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला तो यायचाही बंद झाला होता. तिथे एखाद्या गेजचा काटा भलतीकडे गेला, की बाबा आधी गेज तपासत आणि मग पाइप. निम्म्या वेळा पाइप ठणठणीत असतो, काटाच खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. गाडी दारात आल्यावर तिलाही हाच कायदा लागू झाला.

मुरबाड रोडला एक म्हातारे मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. हात सोन्याचा. पण पेट्रोल जास्त जातं म्हटलं, की सगळ्या मिस्त्र्यांचा हात जिथे जातो तिथेच त्यांचाही गेला. "साहेब, कार्ब्युरेटर खोलू. जेट बदलतो, दोन किलोमीटर वाढले नाहीत तर पैसे नका देऊ."

"चाचा, थांबा जरा," बाबा म्हणाले. "ती खरंच खाते का, ते आधी बघू."

मग वही आली. टाकी तोंडापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तोंडापर्यंत भरायची आणि गेलेले लिटर लिहायचे. पंप तोच, गाडी उभी करायची जागाही तीच, कारण जमीन तिरकी असली तर टाकी गच्च होतच नाही. वही नऊच्या आसपास बोलली. तरी बाबांचा विश्वास बसेना. एका रविवारी आम्ही कल्याण-निर्मळ महामार्गाने, तेव्हाच्या 222 नंबरच्या, मुरबाडकडे निघालो. माझं काम एकच: रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड ओरडून सांगायचे. बाबा काट्याकडे बघत होते. दगड पुढे निघाले, काटा मागे राहिला. डॉक्टरांनी मूळचे 5.20-14 चे टायर काढून मोठ्या घेराचे रेडियल घातले होते. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं आणि मीटर मात्र फेऱ्या मोजतो. गाडी धावत होती त्याहून कमी दाखवत होती. म्हणजे नवातला काही भाग निव्वळ हिशेबाचा निघाला.

दुसरा भाग फाटकावर सापडला. वडवलीचा उड्डाणपूल व्हायच्या आधीची गोष्ट. आंबिवलीचं फाटक पडलं, की टिटवाळा लोकल, मग एखादी लांब पल्ल्याची, मग मालगाडी, असं सगळं निघून जाईपर्यंत ते उघडत नसे. बॅटरी जुनी, बंद केली तर चालू होईल का, या धाकाने डॉक्टरांसारखेच आम्हीही इंजिन चालू ठेवून बसायचो. उभं इंजिन असं तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज संपवतं आणि किलोमीटर शून्य. बाबांनी आधी बॅटरी बदलली. पेट्रोल वाचवायला बॅटरी घेतली म्हणून चाचा पोट धरून हसले होते.

इंजिनाची पाळी आली ती त्यानंतर. ती दुपार मला लख्ख आठवते. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पेन्सिलीने एक ते चार आकडे, आणि प्लग पान्याने काढलेला प्रत्येक प्लग आपापल्या आकड्यावर. चाचांनी दाखवलं: टोकाचा चिनी मातीचा भाग फिका तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. मखमलीसारखी कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. आणि काळा असून ओला, तेलकट असेल तर ते पेट्रोल नव्हे, ऑइल. पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे गाइड गेले. आमचे चारही काळे होते, कोरडे. एकच काळा असता तर त्या सिलिंडरपुरती प्लगची किंवा वायरची भानगड. चारही काळे म्हणजे दोष चौघांच्या सामाईक वाटेवर. एअर फिल्टर झटकला, जेमतेम धूळ. मग बाबांनी मला आत बसवून चोकची मूठ आत दाबायला लावली आणि स्वतः बॉनेटखाली वाकून बघत राहिले. मूठ पूर्ण आत गेली, पण तारेचं दुसरं टोक बोटभर आधीच थांबलं. तार आवरणात गंजली होती. गाडी बारा महिने थोडा थोडा चोक ओढूनच धावत होती. नवी तार पडली, ॲव्हरेज बारावर गेलं, आणि जेट होता तोच राहिला. चाचांनी त्या दिवसाची मजुरी घेतली नाही, चहा घेतला.

पुढे बऱ्याच वर्षांनी वही पुन्हा घसरली. या वेळी प्लग साफ, चोक साफ. बाबांनी ऑइलची पट्टी काढली, फडक्याने पुसून पुन्हा घातली, बघितली, आणि मला म्हणाले, "वास घे." ऑइलची पातळी वाढली होती. जुन्या इंजिनात ऑइल कमी होतं हे सगळ्यांना माहीत. वाढलं तर माणूस खूश होऊन पट्टी परत ठेवतो. पट्टीला पेट्रोलचा वास होता. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला होता. पंप इंजिनाच्याच अंगाला लावलेला, त्यामुळे पेट्रोल बाहेर न ठिबकता थेट खाली ऑइलमध्ये उतरत होतं. खर्चापेक्षा धोका मोठा: पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पडदा, नवं ऑइल, काम संपलं.

26 जुलै 2005 च्या पुराने तिसरं कारण दिलं. उल्हास आणि काळू एकाच वेळी चढल्या, गाडी दारातच चाकाच्या वर पाण्यात राहिली. इंजिन वाचलं म्हणून आम्ही निःश्वास टाकला. दिवाळीपर्यंत ॲव्हरेज दहावर आलेलं. ते शोधायला बाबांना हत्यारही लागलं नाही. स्टेशनाला एक फेरी मारून आले आणि चारही चाकांच्या मधोमध हात लावत फिरले. मागच्या डाव्या चाकाला हात ठेवता येईना. ड्रममधला गंज ब्रेकच्या लायनरला सोडत नव्हता. गाडी रात्रंदिवस थोडा ब्रेक दाबूनच चालली होती.

2009 मध्ये कारखाना बंद पडला आणि तो उग्र वास कायमचा गेला. बाबा त्याआधीच निवृत्त झाले होते. वही माझ्याकडे आली. चाचांचं गॅरेजही मिटलं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर सुटे भाग सहज मिळत. शेवटची टॅक्सी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही रस्त्यावरून गेली. आता भाग शोधत हिंडावं लागतं. परवा एका तरुण मेकॅनिकने बॉनेट उघडल्या उघडल्या विचारलं, "काका, स्कॅनर कुठे लावायचा?" पोरगा हुशार आहे, त्याला प्लग वाचायला शिकवतोय. शिवाय स्कॅनरची गरज थोडीफार पीयूसीचा कागद भागवतो. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा टक्का छापलेला असतो. आमच्या वयाच्या गाडीला तीनपर्यंत माफ आहे, पण मागच्या कागदापेक्षा आकडा चढला की मिश्रणात पेट्रोल जास्त झालं हे समजावं. लोक तो कागद पोलिसाला दाखवण्यापुरता जपतात, याचं मला नवल वाटतं.

सध्या वही पुन्हा थोडी खाली आली आहे. प्लग काळे नाहीत, उलट पांढरट. पट्टीला वास नाही, चाकं थंड. हे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून मिश्रण विरळ होतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलंय, की निव्वळ पेट्रोलसाठी बनवून 10 टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल. आमची तर जुळवलेलीही नाही. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मी इथेनॉल सोसणाऱ्या घालून घेतल्या. एवढी घट मात्र गाडीच्या नावावर मांडायची नाही. जेट एक नंबर मोठा घालायचा विचार आहे. चाचा असते तर म्हणाले असते, मी तेव्हाच सांगत होतो.

तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल आणि ती खाते म्हणून विकायला निघाला असाल, तर भंगारवाल्याला बोलवण्याआधी दोनदा टाकी गच्च भरून हिशेब मांडा, मग जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवून बघा. कार्ब्युरेटर कुठे पळून जात नाही.