हवेवर जगलेला कढीपत्ता

मंडळी, कार्डिफमध्ये कढीपत्ता जगवणं म्हणजे काय दिव्य आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. निम्म्या मराठी घरांत खिडकीशी काटकी उरलेली एखादी कुंडी असतेच! आमचा कढीपत्ता मात्र आज छातीइतका उंच आहे. श्रेय एका छोट्या हीटरला, आणि हवेला.

परसातलं आमचं हरितगृह फुगवलेलं आहे. कमानींवर पॉलिथिनचे दोन थर आणि मध्ये एका लहानशा ब्लोअरने सतत भरलेली हवा. ही युक्ती न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या विल्यम रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये प्रत्यक्षात आणली. (तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एडिसनच्या मराठी मंडळींना हे ठाऊक आहे का, कोण जाणे!) कॉर्नवॉलचा २००१ साली उघडलेला ईडन प्रोजेक्ट तुम्ही मुलांना दाखवला असेलच. तिथल्या त्या पारदर्शक उशाही हवेनेच फुगवलेल्या आहेत. मधली हवा रजईसारखी ऊब धरते, शिवाय कापड ताणलेलं राहतं.

बाबांची उमेद मावळात, तळेगावकडच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये गेली. तिकडे अडचण उलटी. उष्मा बाहेर कसा घालवायचा? त्यासाठी बाजूचे पडदे गुंडाळायचे. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच इथे आले, तेव्हा घरात फारसे बोलत नसत. हरितगृहात शिरले आणि म्हणाले, "ब्लोअर आतली हवा का घेतोय? बाहेरची घे. आतली दमट, दोन थरांत पाणी धरेल." पंधरा दिवसांतलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य!

मग नळीचा यू आकार करून त्यात लाल रंगाचं पाणी भरलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण सहा मिलिमीटरचा फरक असला की दाब ठीक. कमी असेल तर कापड फडफडतं, फार जास्त असेल तर कडांना ताण येतो. ब्लोअरच्या तोंडावरची झडप फिरवून तो नेमका करायचा.

७ डिसेंबर २०२४ च्या 'डॅराग' वादळाचा लाल इशारा तुम्हाला आठवत असेल. आदल्या संध्याकाळी बाबांनी कमानींवरून आडवे-तिडवे दोर बांधले. "कापड वाऱ्यानं नाही फाटत, फडफडण्यानं फाटतं." पहाटे वीज गेली, कापड लोळागोळा झालं, पण दोरांनी धरून ठेवलं. कढीपत्ता मी रात्रीच स्वयंपाकघरात आणला होता.

वीज आली, ब्लोअर फिरू लागला, तरी एक बाजू फुगेना. आमच्या धंद्यातल्या सवयीने मी एकेक गोष्ट बाद करत गेलो. ब्लोअर चालू, झडप उघडी, दोन बाजूंना जोडणारी नळी जागेवर. म्हणजे कुठेतरी भोक. बाबांनी देवघरातली उदबत्ती मागितली! आतून, कापडापासून वीतभर लांब धरून ते हळूहळू सरकत गेले. एका कमानीपाशी धूर झटक्यात बाजूला ढकलला गेला. घासून पडलेलं, तुरीच्या डाळीएवढं भोक होतं. कापड पुसून कोरडं केलं, चिकटपट्टी लावली आणि अर्ध्या तासात दाब आला.

उन्हाळ्याची सोय त्यामानाने सोपी. वरच्या झडपेला मेणाची नळी बसवली आहे. उन्हाने मेण प्रसरण पावतं, दट्ट्या झडप उचलतो, गरम हवा वरून जाते, थंड हवा दारातून आत येते. विजेचा खर्च शून्य.

बाबा मार्चमध्ये परत गेले. दर रविवारी फोन येतो. आधी पाण्याचे मिलिमीटर विचारतात, मग नातवंडांची चौकशी.