सुधारित आवृत्तीचे व्याकरण



स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ तुम्ही शाळेत पाठ केले असतील आणि परीक्षा संपताच विसरूनही गेला असाल. तुमच्यापैकी अनेकांच्या बाबतीत त्या गोष्टीला वीस-पंचवीस वर्षे उलटली असतील. म्हणून थोडी उजळणी करू. क्रियापदाच्या रूपावरून केवळ विधान कळत असेल तर तो स्वार्थ. आज्ञा, विनंती किंवा उपदेश कळत असेल तर आज्ञार्थ. कर्तव्य, योग्यता, इच्छा किंवा अपेक्षा कळत असेल तर विध्यर्थ. आणि एक गोष्ट घडली असती तर दुसरी घडली असती, असा संकेत असेल तर संकेतार्थ. पाठ्यपुस्तकात संकेतार्थाचे उदाहरण बहुधा पावसाचे आणि पिकाचे असते. उदाहरण चांगले आहे. परंतु ते इतक्या वेळा वाचले गेले आहे, की त्यातली हुरहुर आता कोणाला जाणवत नाही. म्हणून आज मी तुम्हांला एका वेगळ्याच प्रदेशात नेणार आहे. तो प्रदेश आहे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांचा, आणि ती यंत्रे विकत घेऊन मनापासून खेळणाऱ्या माणसांचा.

मी स्वतः खेळणारा नाही. माझे क्षेत्र भाषेचे. परंतु माणसे कोणत्या प्रसंगी कोणत्या रूपात बोलतात, याकडे कान देण्याची सवय भाषेच्या अभ्यासकाला लागतेच. या खेळाडूंच्या जगात एक प्रसंग असा आहे, की तो आला म्हणजे चारही अर्थ एकदम बोलू लागतात. तो प्रसंग म्हणजे चालू यंत्राची सुधारित आवृत्ती बाजारात येणे.

येथे एक भेद आधी स्पष्ट करायला हवा. या यंत्रांच्या पिढ्या असतात. नव्या पिढीचे यंत्र आले, की त्याच्यासाठी केलेले खेळ जुन्या यंत्रावर चालत नाहीत. मात्र दोन पिढ्यांच्या मध्ये कंपनी त्याच यंत्राचे रूप बदलून ते पुन्हा बाजारात आणते. खेळ तेच, परंतु पडदा मोठा किंवा उजळ, वजन कमी, बॅटरी टिकाऊ. आपल्या ग्रंथव्यवहारातील शब्द वापरायचा, तर हे नवे पुस्तक नव्हे आणि निव्वळ पुनर्मुद्रणही नव्हे. ही सुधारित आवृत्ती. पहिली आवृत्ती ज्याच्या कपाटात आहे, त्याची पंचाईत नेमकी इथे होते.

स्वार्थापासून आरंभ करू. सुधारित यंत्र जाहीर झाल्यावर पहिली भाषा मोजमापाची असते. सोनीच्या पीएसपी या यंत्राचे वजन सुमारे 280 ग्रॅम होते. 2007 साली आलेल्या आवृत्तीचे 189 ग्रॅम झाले. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राचा पडदा 6.2 इंचांचा होता. ऑक्टोबर 2021मध्ये आलेल्या ओएलईडी आवृत्तीत तो 7 इंचांचा झाला, आतील साठवण 32 जीबीवरून 64 जीबीवर गेली आणि प्रक्रिया करणारी चिप मात्र तीच राहिली. ही सगळी वाक्ये स्वार्थातली. ‘झाले’, ‘गेली’, ‘राहिली’ या साध्या भूतकाळी क्रियापदांत राग नाही, लोभ नाही. तरीही, ‘चिप तीच राहिली’ हे वाक्य त्या वेळी अनेक खेळाडूंनी साध्या विधानासारखे ऐकले नाही. अधिक शक्तिशाली यंत्र येणार, मोठ्या टीव्हीवर अधिक रेखीव चित्र दिसणार, अशी अपेक्षा त्यांनी कित्येक महिने मनाशी धरली होती. वाक्याचे रूप स्वार्थाचे. ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ विध्यर्थाचा. व्याकरणातले रूप आणि बोलण्यातला हेतू यांची फारकत कशी होते, हे यावरून लक्षात यावे.

आता विध्यर्थ. ‘असावे’, ‘द्यावे’, ‘द्यायला हवे होते’ ही अपेक्षेची रूपे. 2001 साली आलेल्या गेम बॉय ॲडव्हान्स या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. खिडकीशी किंवा दिव्याखाली बसून, यंत्र तिरपे धरून खेळावे लागे. काही हौशी लोक वेगळा मिळणारा दिव्याचा संच आणून, यंत्र उघडून, तो आत बसवीत. ‘पडद्याला प्रकाश असायला हवा होता’, ही त्यांची तक्रार पूर्णपणे रास्त होती. 2003 साली एसपी ही आवृत्ती आली. तिला प्रकाश होता, ती डबीसारखी मिटत असे आणि तिची बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करता येई. दुसरे उदाहरण थ्रीडीएस या यंत्राचे. 2011 साली ते आले तेव्हा त्यावर अंगठ्याने फिरवायची चकती डाव्या बाजूला एकच होती. उजव्या अंगठ्यालाही असे काही द्यावे, अशी मागणी होत राहिली. कंपनीने आधी वरून जोडायचे एक अवजड उपकरण काढले. 2012च्या मोठ्या पडद्याच्या आवृत्तीतही दुसरी चकती नव्हती. शेवटी 2014च्या आवृत्तीत उजव्या बाजूला एक लहानशी गोटी आली. सुधारित आवृत्ती ही पुष्कळदा आधीच्या विध्यर्थाला मिळालेले उत्तर असते. जो तक्रार करतो तो शत्रू नव्हे. पुढच्या आवृत्तीचा तो बिनपगारी संपादकच असतो.

परंतु या उत्तरात एक बोच आहे. तक्रार ज्याने केली, त्याच्या हातात जुने यंत्र असते. सुधारणा मात्र त्याला मिळते, जो अजून दुकानात गेलेलाच नाही. इथे संकेतार्थ जन्माला येतो: ‘थोडा थांबलो असतो तर!’

या वाक्याची रचना पाहा. ‘तर’नंतरचा भाग बहुतेक वेळा उच्चारलाच जात नाही. काय झाले असते, हे सांगायची गरज नसते. मराठीत संकेतार्थाचे अर्धे वाक्य पुरे वाक्याचे काम करते आणि उरलेला अर्धा भाग सुस्कारा भरून काढतो.

माझ्या पुतण्याने पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला काढून असेच एक यंत्र घेतले होते. ते कोणते, याला इथे महत्त्व नाही. परदेशातून येणाऱ्या एका मित्राने ते आणून दिले होते. काही आठवड्यांतच त्याची सुधारित आवृत्ती जाहीर झाली. रात्री जेवताना तो गप्प होता. मी विचारले, “तुझे खेळ आता चालणार नाहीत का?” तो म्हणाला, “चालतील ना काका. सगळे चालतील.” “मग बिघडले काय?” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “बिघडलं काहीच नाही. कालपर्यंत ते ‘माझं यंत्र’ होतं, आजपासून ते ‘जुनं यंत्र’ झालं.”

भाषाविज्ञानात ज्याचे विवेचन करायला आम्हांला पाने लागतात, ते त्याने एका वाक्यात सांगितले. कोणत्याही घरातला मुलगा थोरला होतो तो धाकट्याच्या जन्माने. त्याआधी तो नुसता मुलगा असतो. वस्तूंचेही तसेच. लहान आवृत्त्या येईपर्यंत पहिल्या पीएसपीला आणि पहिल्या निन्टेन्डो डीएसला कोणी जाड म्हटले नव्हते. 2006 साली डीएस लाइट आणि 2007 साली सडपातळ पीएसपी आली, आणि खेळाडू जुन्या यंत्रांना ‘फॅट’ म्हणू लागले. त्यांचे वजन एक ग्रॅमनेही वाढले नव्हते. शेजारी दुसरे उभे राहिले म्हणून पहिल्याला विशेषण चिकटले. मोबाईल आल्यावर घरातल्या फोनला ‘लँडलाइन’ हे वेगळे नाव घ्यावे लागले, हा तुमच्या-माझ्या घरातला तोच प्रकार.

नावांची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. 2014च्या त्या आवृत्तीचे अधिकृत नावच ‘न्यू निन्टेन्डो थ्रीडीएस’ होते. म्हणजे ‘न्यू’ हे इथे विशेषण राहिले नाही, ते विशेषनामाचा भाग झाले. रोमन लिपीत मोठे अक्षर पाहून हा भेद डोळ्यांना कळतो. बोलताना मात्र दुकानदाराला समजत नाही, की गिऱ्हाईक ‘न्यू’ नावाचे यंत्र मागते आहे की न वापरलेले. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, तरी आपली सोय झाली आहे. परका शब्द नावाला ठेवावा आणि देशी शब्द विशेषणाला. ‘जुने न्यू थ्रीडीएस’ असे आपण निःशंक म्हणू शकतो. पुण्यातला ‘नवा पूल’ शंभर वर्षांचा झाला तरी नवाच आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

उलट प्रकारही घडला आहे. 2019 साली स्विचची अधिक टिकाऊ बॅटरीची आवृत्ती आली. पूर्वी साधारण अडीच ते साडेसहा तास चालणारे यंत्र आता साडेचार ते नऊ तास चालू लागले. परंतु नाव बदलले नाही. बदलले ते मॉडेल क्रमांकाच्या शेवटी लागलेले चिन्ह आणि खोक्याचा रंग. मग आज्ञार्थ पुढे सरसावला: ‘लाल खोके बघून घे’, ‘आधी क्रमांक तपास’. कंपनीने नाव दिले नाही, तर वापरणाऱ्यांनी खूण शोधली. भाषा रिकामी जागा फार काळ रिकामी ठेवत नाही.

इथवर मी तक्रारींकडे कौतुकाने पाहिले. मात्र सगळ्या तक्रारी एका मोलाच्या नसतात, आणि त्यांतला भेद ओळखणे हाच खरा अभ्यास आहे. ‘थांबलो असतो तर’ ही तक्रार काळाविषयी आहे. तिला उत्तर कोणाकडेच नाही. जो थांबला, तो तितके महिने खेळला नाही, हा हिशेब संकेतार्थ कधी मांडत नाही. परंतु सुधारणेच्या नावाखाली काही काढून घेतले जाते तेव्हाची तक्रार वेगळी. एसपीवर हेडफोन लावण्याची नेहमीची जागा नव्हती. त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागे. 2008च्या डीएसआयमधून गेम बॉय ॲडव्हान्सचे खेळ घालायची खाच गेली. 2009च्या पीएसपी गो या आवृत्तीत डिस्क घालायला जागाच ठेवली नव्हती. ज्याच्या फळीवर विकत घेतलेल्या डिस्कची रांग होती, त्याला ती रांग नव्या यंत्रासाठी निरुपयोगी झाली. आणि 2015 साली ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ या खेळाची आवृत्ती केवळ न्यू थ्रीडीएसवर चालेल अशी निघाली, तेव्हा तर ‘यंत्र बदलले तरी खेळ तेच’ हा मूळ करारच सैल झाला. येथे खेळाडू चैनीच्या वस्तूसाठी कुरकुरत नव्हते. आपण आधी विश्वास ठेवला, त्याची नोंद कोणी ठेवली आहे की नाही, हे ते विचारत होते.

ती नोंद ठेवल्याचेही एक उदाहरण आहे. थ्रीडीएसची अमेरिकेतील किंमत सहा महिन्यांच्या आत 249.99 डॉलरवरून 169.99 डॉलरवर आली. हा यंत्रातला बदल नव्हता, किमतीतला होता. पण आधी घेणाऱ्यांची स्थिती तीच. कंपनीने त्यांना वीस जुने खेळ विनामूल्य दिले आणि त्यांना नाव दिले ‘ॲम्बॅसॅडर’, म्हणजे राजदूत. नुकसान झालेल्याला राजदूत म्हणणे यात व्यापाराचे चातुर्य आहे, हे मी नाकारत नाही. तरीही त्या शब्दाने एक गोष्ट मान्य केली: आधी येणारा माणूस मूर्ख नव्हता, त्याच्यामुळे पुढच्यांची वाट झाली.

मित्रहो, हा विषय मी तुमच्यासाठीच का निवडला, हे आता सांगतो. तुम्ही शिक्षणाकडे मध्येच परत आलेली माणसे आहात. तुमच्यापैकी कोणी दुकान सांभाळून, कोणी मुलांच्या शाळेचे डबे भरून, कोणी रात्रपाळी करून ही पुस्तिका उघडली असेल. तुम्ही अर्धा अभ्यासक्रम संपवता, आणि अभ्यासक्रमाची सुधारित आवृत्ती येते. अशा वेळी जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना काही परीक्षांची संधी देण्याची प्रथा विद्यापीठांत आहे. सुधारणा न्याय्य ठरते ती अशा तरतुदीमुळे. त्या तरतुदीची विचारणा करताना संकोचू नका. तो विध्यर्थ तुमच्या हक्काचा आहे.

परंतु याहून खोल असा एक संकेतार्थ आहे, आणि तो तुमच्या पत्रांतून मला वारंवार भेटतो. ‘त्या वेळी शिकलो असतो तर’, ‘लग्नाआधी पदवी झाली असती तर’. शेजारी विशीतली मुले बसली, की आपण एकाएकी ‘जुनी आवृत्ती’ ठरलो असे वाटू लागते. तसे वाटेल तेव्हा त्या जाड ठरलेल्या यंत्राची आठवण करा. त्याचे काही कमी झाले नव्हते. फक्त शेजार बदलला होता. त्यावरचे सगळे खेळ पूर्वीइतकेच चालत होते.

जाता जाता एक काम देतो. येत्या आठवड्यात घरात, बसमध्ये, कामाच्या ठिकाणी कानावर पडणारी संकेतार्थाची पाच वाक्ये वहीत उतरवा. प्रत्येक वाक्यात ‘तर’नंतरचा भाग बोलला गेला की गाळला गेला, हे पाहा. मग त्यांतले कोणते वाक्य विध्यर्थात बदलता येते, ते तपासा. ‘शिकलो असतो तर’ याचे ‘शिकावे’ होते का? होत असेल, तर ते रूप वहीत लिहा आणि पुढचे पान उलटा.