हवा सोडणं सोपं असतं

तर झालं असं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आणि मी लॅपटॉप बंद करून थेट गाव गाठलं. गाव म्हणजे कासुर्डी, तालुका दौंड. पुणे-सोलापूर रस्त्यावर. एके काळी आमच्या गावाची ओळखच टोलनाका होती. गाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "हां, टोलनाक्याचं का?" रस्त्याच्या उत्तरेला ऊस आणि गुऱ्हाळं, दक्षिणेला भुलेश्वरच्या डोंगराकडे चढत जाणारं माळरान.

घरी एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. वडिलांनी शेतीसाठी सेकंडहँड घेतलेली, मी ऑफरोडिंगसाठी दत्तक घेतलेली. रविवारी सकाळी चुलतभावाला घेऊन माळावर गेलो. चढ सुरू व्हायच्या आधी चारही टायरमधली हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली. हे का करायचं? हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, दगडावरून जाताना हाडं खिळखिळी होत नाहीत. काम मस्त सोपं. व्हॉल्व्हची पिन दाबायची, फुस्स करत हवा जाते. भरायची कशी हा प्रश्न "नंतर बघू" या खात्यात टाकलेला. डिक्कीत बाराशे रुपयांचा चायनीज कॉम्प्रेसर होता ना!

तासाभराने मागचा उजवा टायर बसला. बाभळीचा काटा. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही. खरं सांगा, तुम्ही तुमच्या स्टेपनीची हवा शेवटची कधी तपासली होती? असो. पंक्चरची पट्टी मारली, कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला. तीन मिनिटं घरघरला आणि गप्प. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसरा नव्हता.

आणि तेवढ्यात आईचा फोन. "आबांना धाप लागलीय, पंपानं पण उतरत नाहीये. लगेच ये, दवाखान्यात न्यायचंय."

आबा म्हणजे माझे आजोबा. ऐंशीच्या पुढचे. आयुष्य गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे गेलं, दमा जुनाच. वडील लग्नाला गेलेले. घरातली एकुलती गाडी माझ्याखाली, आणि तिच्या एका टायरमध्ये जेमतेम हवा.

तसाच निघालो. पायी चालणाऱ्याच्या वेगाने. टायर रिमवरून सुटला तर संपलं, म्हणून वळताना श्वास रोखून धरायचो. भाऊ बाजूला चालत टायरकडे बघत होता. हायवेला लागेपर्यंत अर्धा तास गेला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास.

हायवेला एका ढाब्यापाशी उसाच्या कांड्यांसारखी ओळीने ट्रक उभी. एक ड्रायव्हर लांब नळीने हवा मारून केबिनमधली धूळ उडवत होता. मी जवळजवळ ओरडलोच, "दादा, हवा मिळेल का? पेशंट आहे घरी." त्यांनी एक शब्द विचारला नाही. इंजिन चालू केलं, नळी आणली, पाच-सात मिनिटांत चारही टायर टणक. पैसे काढले तर म्हणाले, "हवेचे कसले पैसे? जावा लवकर."

घरी पोचलो तर आबा नव्हते. शेजारच्या काकांनी कधीच पिकअपमध्ये घालून नेलं होतं. दवाखान्यात गेलो तेव्हा तोंडाला नेब्युलायझरचा मास्क, डोळे मिटलेले, पण छाती शांत हलत होती. मी कॉटजवळ उभा राहिलो. बोलण्यासारखं काही नव्हतंच. आई पण काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं. हिशोब मांडला.

आमच्या जीपच्या टायरमध्ये साधारण ५५ ते ६० लिटर जागा असते. १८ वरून ३२ म्हणजे १४ पीएसआयची वाढ. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. म्हणजे एका टायरमध्ये बाहेरची जवळजवळ ६० लिटर हवा कोंबायची, चार टायरना २४० लिटर. आता एकेक पर्याय बघा.

पायपंप: एका दाबाला पाव ते अर्धा लिटर. एका टायरला सव्वाशे ते अडीचशे दाब. घाम निघतो, पण फ्यूज उडत नाही.

बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर: लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १८० वॅट. मोठा कॉम्प्रेसर त्याहून जास्त ओढतो. म्हणून तो थेट बॅटरीला, जाड वायरने, स्वतःच्या फ्यूजसकट जोडायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

हवेची टाकी: १० लिटरची टाकी ८ बारला भरली तरी टायरच्या दाबापर्यंत उतरताना तिच्यातून ५८ लिटरच्या आसपास हवा मिळते. म्हणजे एकच टायर! टाकी म्हणजे पाकीट, कमावणारा कॉम्प्रेसर वेगळा लागतो.

कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर: द्रवरूपात असल्यामुळे १ किलोत ५०० लिटरहून जास्त वायू. आठ-नऊ टायर भरतील, तेही झटपट. पण ३१ अंशांच्या वर हा वायू द्रव राहतच नाही आणि दाब चढत जातो. दौंडच्या उन्हाळ्यात, बंद गाडीत? नको रे बाबा.

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर: काही हौशी लोक एसीचा जुना कॉम्प्रेसर यासाठी बसवतात. हवा भरपूर, पण त्याच्या वंगणाची सोय वेगळी करावी लागते.

आणि शेवटचा, ट्रकवाला. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो आणि टाक्या साधारण ८ बारला भरतो. ब्रेकसाठीची हवा टायरलाही चालते. ड्रायव्हरदादांनी आधी इंजिन का चालू केलं ते मला तेव्हा कळलं. टाकी रिकामी झाली तर स्प्रिंगचा ब्रेक गाडी जागेवरून हलू देत नाही. स्वतःचा ब्रेक सांभाळून त्यांनी मला हवा दिली होती.

ही कल्पना नवी नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची डीयूकेडब्ल्यू नावाची पाण्यातही चालणारी लष्करी गाडी होती, १९४२ सालची. तिचा ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करायचा. वाळूत उतरताना कमी, रस्त्याला लागताना परत पूर्ण. म्हणजे त्या लोकांनी सोडणं आणि भरणं ही दोन्ही कामं एकत्रच विचारात घेतली होती. मी फक्त अर्धंच घेतलं होतं. ऑफिसमध्ये आम्ही रोलबॅक प्लॅन नसेल तर साधा पॅचसुद्धा टाकू देत नाही. आणि इथे? असो.

आता जीपमध्ये बॅटरीला थेट जोडलेला कॉम्प्रेसर आहे, त्याला ३० अँपिअरचा फ्यूज आहे आणि खिशात आणखी चार. सीटखाली पायपंप. स्टेपनीची हवा दर पंधरा दिवसांनी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात दुसरी गाडी नसेल त्या दिवशी माळावर जायचं नाही. हा नियम कुठल्याच गणितातून आलेला नाही.

आबा चौथ्या दिवशी घरी आले. ओट्यावर बसून मला जीपखाली वायर ओढताना बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "काय करतुयास?"

"हवेची सोय करतोय आबा."

"कुणाच्या, तुझ्या का माझ्या?" असं म्हणून हसले, आणि हसता हसता खोकले. मी पान्हा खाली ठेवला आणि पाणी आणायला आत गेलो.