फेडणं

मी आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा आप्पांबरोबर मुक्कामी गाडीवर गेले होते. आप्पा एसटीच्या बारामती डेपोत कंडक्टर. गाडी सुप्याच्या पुढे एका वाडीत रात्री वस्तीला थांबायची आणि पहाटे परत फिरायची. ड्रायव्हरकाका मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आडवे झाले. आप्पा गाडीतल्या मागच्या बाकावर वर्तमानपत्र अंथरून हिशोबाला बसले. पेटीतल्या तिकिटांचे नंबर वेबिलावर उतरवायचे, किती तिकिटं गेली ते काढायचं, रकमेची बेरीज करायची आणि मग चामडी पिशवीतले पैसे मोजायचे. त्या रात्री पैसे अठरा रुपयांनी कमी भरले. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा अठराच कमी. मग खाकी शर्टाच्या आतल्या खिशातून स्वतःचे अठरा रुपये काढून त्यांनी पिशवीत टाकले.

"तुम्ही का टाकले?" मी विचारलं.

"कमी पडलं तर भरायचं असतं, बाळा. पण आधी मोजायचं."

या बोलण्यातलं पहिलं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. दुसरं आठवायला मला पंचविसावं वर्ष उजाडावं लागलं.

2021 साली मला पुण्यात नोकरी लागली. हातात येणारा पगार अठ्ठावीस हजार. आमच्या घरात तोवर एवढा पहिला पगार कुणाला मिळाला नव्हता. नोकरी लागली त्या दिवसापासून नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आता आईबापाचे पांग फेड गं बाई." मला ते वाक्य जड वाटलं नाही, उलट मी त्याची वाटच बघत होते. आप्पांनी माझ्या शिक्षणासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं आणि त्याचा हप्ता दर महिन्याला त्यांच्या पगारातून कापला जात होता. आईने गॅसजवळच्या भिंतीला टेकून उभ्या-उभ्या जेवायची सवय कधी लावून घेतली, ते मला आठवतही नाही. या सगळ्याचं मला काहीतरी करायचं होतं, आणि लवकर करायचं होतं.

तिसऱ्या महिन्यात क्रेडिट कार्ड आलं. पंचाहत्तर हजारांची मर्यादा. धाकट्या भावाला कॉलेजसाठी बेचाळीस हजारांचा लॅपटॉप घेतला. पुढच्या वर्षी आईसाठी येवल्याची हातमागाची पैठणी, साडेसोळा हजारांची. तिला मी सहा हजार सांगितले. मग एकवीस हजारांचा फ्रिज. मधेच मर्यादा दीड लाख करून देऊ का, असा निरोप आला आणि मी होकाराचं बटण दाबलं. फ्रिज घरात आला त्या संध्याकाळी शेजारच्या काकू बघायला आल्या. "पोरीने पांग फेडले हो," असं त्या म्हणाल्या तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला वाटलं, याच्यासाठी काहीही द्यावं.

आमच्या घरात कर्जाला नावं होती. सोसायटीचं कर्ज, हातउसने, दुकानातली उधारी. प्रत्येकाला चेहरा होता आणि जेवताना त्यावर मोकळेपणी बोललं जायचं. कार्डाचं मात्र कर्ज असं नाव नव्हतं. त्याला 'लिमिट' म्हणत. ॲपमध्ये उपलब्ध मर्यादा म्हणून जो आकडा दिसे, तो मी माझी शिल्लक असल्यासारखा वाचत असे. बिल आलं की दोन रकमा दिसत: एकूण देय आणि किमान देय. मी किमान भरायचे. तेवढं भरलं की दंड लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत, बाहेरून सगळं नीट दिसतं.

आत काय चालतं, ते मी खूप उशिरा समजून घेतलं. माझ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के होता, म्हणजे वर्षाला बेचाळीस. या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. देणं एक लाख अठरा हजारांवर पोचलं, तेव्हा किमान देय रक्कम होती पाच टक्के, म्हणजे 5,900 रुपये. त्यातले 4,130 व्याजात जायचे, 743 करात. मुद्दल कमी व्हायचं फक्त 1,027 रुपयांनी. या वेगाने, एकही नवी खरेदी न करता, देणं निम्म्यावर यायला सुमारे साडेसहा वर्षं लागली असती.

आणि नवी खरेदी तर होतच होती. पगारातले सहा हजार कार्डाला गेले की महिनाअखेर कमी पडे, म्हणून किराणा कार्डावर घ्यायचा. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे त्या महिन्यातल्या तेलाच्या पिशवीवरसुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज चढत होतं. नुसतं किमान भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याज चक्रवाढीने वाढेल, असा इशारा बिलावर ठळकपणे छापायचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेलं आहे. माझ्या प्रत्येक बिलावर तो होता. मी बिल उघडायचे, किमान देय बघायचे आणि बंद करायचे. तेवढं बघितलं की बाकी काही बघावं लागत नसे. मोजणं टाळायला मला तो एक आकडा पुरत होता.

सुपं हे गाव मला आप्पांच्या गाडीमुळे माहीत होतं. त्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात का आहे, हे मी कर्जात बुडाल्यावर शोधून वाचलं. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखतं. ती मिळवून त्यांनी जाळली. उठावाचं लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चार वर्षांनी, 1879 साली, सरकारला दख्खनमधल्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. खतावर काय लिहिलंय एवढंच न बघता, त्या देण्याचा मुळापासूनचा हिशोब तपासायची मुभा न्यायाधीशाला त्या कायद्याने मिळाली.

त्याहून जुना आपल्याकडचा शब्द आहे दामदुपट. व्याज कितीही साचलं तरी मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागता येणार नाही, असा तो नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला होता. मी कागदावर गणित मांडून बघितलं. महिना साडेतीन टक्क्यांच्या चक्रवाढीने, काहीच न भरता सोडलेली रक्कम सुमारे वीस महिन्यांत दुप्पट होते. जिथे आपल्या पूर्वजांनी रेघ ओढली होती, तिथे हे व्याज दोन वर्षं व्हायच्या आतच पोचतं आणि पुढे चालू लागतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे कार्डापुरती आज ती तीस टक्क्यांची रेघही नाही. मला ती असावी असं मनापासून वाटतं. व्याजाचा दर महिन्याचा सांगितला की लहान वाटतो, वर्षाचा केला की खरा दिसतो. आणि पहिला पगार घेणाऱ्या मुलांना हा फरक कळायच्या आत कार्ड हातात आलेलं असतं.

पण सुप्याच्या शेतकऱ्यांचा निरक्षरपणा माझ्या वाट्याला नव्हता. त्यांना खतावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं आणि मी वाचलं नव्हतं. शिवाय माझ्याकडे जाळण्याजोगं खतही नव्हतं. कुठल्याशा यंत्रात साठलेला एक आकडा होता, जो मी झोपेत असतानाही वाढत होता.

2023 च्या जुलैमध्ये मी घरी गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर आप्पांनी सहज विचारलं, "महिन्याला किती मागे पडतात?" आजवर मी या प्रश्नाला काहीतरी गोल उत्तर देत आले होते. त्या दिवशी दिलं नाही. बोलायला लागले आणि थांबताच येईना. लॅपटॉप, पैठणीची खरी किंमत, फ्रिज, किराणा, सगळं सांगितलं. आई ओट्यापाशी उभी होती, ती खाली बसली.

आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, आतून भावाची एक जुनी वही आणि पेन घेऊन आले आणि जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. का अंथरलं ते त्यांनाही ठाऊक नसावं. हिशोब म्हटला की अंथरायचं, हा हाताचा सराव.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

आम्ही रात्री एकपर्यंत लिहीत होतो. चोवीस महिन्यांची बिलं फोनवर उघडून मी आकडे वाचत होते आणि ते लिहीत होते: खरेदी किती, व्याज किती, कर किती. शेवटी बेरीज झाली तेव्हा वस्तूंचे पैसे वेगळे आणि व्याजाचे वेगळे असे दोन रकाने समोर आले. दुसऱ्या रकान्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "यात आमचं काहीच नाही गं. हे तर सगळं दुसऱ्यांनाच गेलं."

ते वाक्य मला आयुष्यभर पुरेल. पांग फेडण्याच्या नावाखाली मी ज्यांना सर्वांत जास्त दिलं, त्यांच्याशी माझं काही नातंच नव्हतं.

आईने भिशीचे पैसे द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं, आणि आप्पांनीही तिला थांबवलं. "तिचं तिला भरू दे. फक्त महाग कर्ज स्वस्त करून घेऊ." दुसऱ्या आठवड्यात मी बँकेतून चौदा टक्के दराने वैयक्तिक कर्ज घेतलं आणि त्यातून कार्डाचं देणं एकरकमी भरलं. दोन वर्षांची मुदत, हप्ता 5,666 रुपये. जितके पैसे किमान देय म्हणून दर महिन्याला भरत होते, त्याहून हा हप्ता कमी होता. फरक एवढाच, की याला शेवट होता. दोन वर्षांचं सगळं व्याज मिळून अठरा हजारांच्या आत. कार्डावर असतं तर तेवढं चार-पाच महिन्यांत गेलं असतं.

हे गणित शाळेतल्या सरळव्याज-चक्रवाढव्याजाच्या धड्याहून अवघड नाही. म्हणून कुणी माझ्या वयाचं भेटलं की मी आधी एवढंच सांगते: कार्डाच्या बिलावर व्याजाचा दर शोध, त्याला बाराने गुण, आणि तेवढ्या दराने आपण सावकाराकडून पैसे घेतले असते का, ते स्वतःला विचार. कार्ड बंद करायचं असेल तर देणं संपवून अर्ज दे. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. मी माझं तसंच बंद केलं.

ती दोन वर्षं सोपी नव्हती, पण कठीणही निराळ्या तऱ्हेने होती. खोलीत दोघींच्या जागी आम्ही तिघी राहू लागलो. मैत्रिणीच्या लग्नाला गोव्याला गेले नाही आणि का नाही, ते तिला खरं सांगितलं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा समोरची म्हणाली, "माझंही आहे, ऐंशी हजार." आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर किती जणी हा आकडा गिळून बसल्या होत्या, ते मी आधी बोलले असते तर आधी कळलं असतं.

मराठीत फेडणं हे क्रियापद मला त्या काळात नव्याने दिसू लागलं. कर्ज फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. आणि अंगावरचं लुगडंही फेडतात. आजी न्हाणीघराच्या दारातून हाक मारायची, "थांब गं, लुगडं फेडते मी." एकच शब्द देणं संपवण्याला आणि गुंडाळलेलं सोडण्याला. मला वाटतं, भाषेने हे दोन अर्थ उगाच एका जागी ठेवलेले नाहीत. जोवर मी आकडा गुंडाळून ठेवत होते, तोवर भरत होते, पण फेडत नव्हते. फेड सुरू झाली ती त्या रात्री, वर्तमानपत्रावर.

2025 च्या ऑगस्टमध्ये शेवटचा हप्ता गेला. देणं बाकी नसल्याचं पत्र आलं, त्याची प्रत काढून मी घरी नेली. आप्पा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, तारीख बघितली आणि त्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर, बेरजेखाली, सही केली.

आईने काही विचारलं नाही. ती आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. पैठणी घेतल्यापासून तिची घडी मोडलेली नव्हती. आधी भावाच्या लग्नाला नेसेन म्हणायची, आणि खरी किंमत कळल्यापासून तिचं नावच काढत नव्हती. श्रावण चालू होता. शेजारी सत्यनारायण होता, काकूंनी बोलावलं होतं. ती बाहेर आली तेव्हा पदरावरचे मोर नीट दिसत होते, आणि निऱ्यांवर अजून दुकानातल्या घडीच्या रेघा होत्या.

"चल," ती म्हणाली, "उशीर होतोय."